मऊ हवी, पांढरी हवी

सातारा
७ जानेवारी १९९६

प्रिय अंजना,

जयभीम. साक्षीचं ठरलं. मुलगा कोरेगावचा, रोहन नावाचा, वीज मंडळात आहे. लग्न १२ मे रोजी, रविवारी. ही बातमी मावशीकडून तुला आधीच कळली असेल, पण माझ्या हातून कळलेली बरी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. तू हसशील, पण उत्तर दे.

गेल्या महिन्यात नववीच्या मुलींना घेऊन वाईच्या बाजूला रेशमाचं एक केंद्र पाहायला गेले होते. अळ्या पाला खातात, कोष विणतात, हे मुलींना फार आवडलं. शेवटी एका खोलीत हरणाबाई म्हणून एक बाई उकळत्या पाण्यात कोष सोडत होत्या. एका मुलीने विचारलं, आत काय असतं? बाई म्हणाल्या, “किडाच की. त्यो बाहीर पडला तर धागा तुटतुया. म्हून आदी उकळायचा.” सहज, भात शिजवण्याबद्दल बोलावं तसं. त्या दिवशी माझ्या अंगावर रेशमी काठाची साडी होती.

घरी येऊन डायरीत लिहिलं: ‘जिवाची हत्या न करण्याचं पहिलं शील मी विहारात दर रविवारी म्हणते. म्हणताना अंगावर काय असतं, हे बावीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही.’ तेव्हापासून रेशीम बंद केलं. साक्षीच्या लग्नात नवरीची पांढरी साडी, विहीणबाईंची, तुमच्या सगळ्यांच्या, एकही रेशमी नको.

सुती नेसायला साक्षी तयार नाही. म्हणते, “सुती नेसून लग्न म्हणजे शाळेची प्रार्थना.” आणि खरं सांगू, थोडी चमक मलाही हवी आहे. तेव्हा उरतं तुमच्याकडचं कृत्रिम धाग्याचं कापड. धनाजीराव अकरा वर्षं त्याच कामात आहेत. त्यांना दोन गोष्टी विचार. एक, त्यात कुठल्या प्राण्याचं काही असतं का? दोन, रंगाचं पाणी कुठे जातं? बरं वाटावं म्हणून नको, खरं असेल ते लिही.

तुझी,
नीलिमाताई

*

माधवनगर
१६ जानेवारी १९९६

ताई,

जयभीम. साक्षीला आशीर्वाद. तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. जेवता जेवता हसले आणि मग हात धुऊन गंभीर झाले. म्हणाले, “आक्काला म्हणावं, आमच्या कापडात किडा न्हाई, मुंगी न्हाई. रॉकेलचा चुलतभाव हाय त्यो.” म्हणजे जमिनीतल्या तेलापासून धागा होतो, तो विट्याच्या मागावर विणतात, आणि कोरं कापड यांच्या कारखान्यात येतं. तिथे धुणं, पांढरं करणं, रंग, इस्त्री.

रंगाचं पाणी टाकीत जातं. तिथे त्याच्यात औषध टाकून ते साधं करतात आणि मग ओढ्याला सोडतात. टाकी यांच्याच ताब्यात आहे. पण तुला पांढऱ्याच साड्या हव्यात, मग रंगाचा प्रश्नच कुठे आला? तू सुटलीस.

सोबत कापडाचा तुकडा पाठवते. चोळून, चुरगळून बघ, सुरकुती पडणार नाही. तुझ्या शिलासारखं आहे, मोडत नाही. (रागावू नको.)

एक काम माझंही कर. यांना एप्रिलमध्ये पक्कं करणार आहेत. अकरा वर्षं हंगामी म्हणून काढली. मालकांना शिकल्या-सवरल्या माणसाचं पत्र आलं की फार बरं वाटतं. कापडाबद्दल दोन चांगल्या ओळी त्यांच्या नावे लिहून पाठव. एवढी छोटी ऑर्डर ते घेत नाहीत, तुझं पत्र असलं की घेतील. आणि आपला माणूस कुणाचा कोण आहे तेही त्यांना कळेल.

अंजना

*

सातारा
२८ जानेवारी १९९६

प्रिय अंजना,

तुकडा मिळाला. मी त्याच्याशी चार दिवस भांडते आहे.

पहिल्यांदा मनात आलं की हे कधी कुजणार नाही. म्हणून त्यातली एक चिंधी आणि धोतराची एक चिंधी, दोन्ही गुलाबाच्या कुंडीत पुरल्या. साक्षीच्या बाबांनी पाहिलं आणि विचारलं, आता चिंध्यांनाही अंत्यसंस्कार का? मग वाटलं, न कुजणारी साडी तीस वर्षं नेसता येते, तिच्या मुलीला देता येते. न कुजणं हा दोष कशाला मानायचा? मी स्वतःला पटवते आहे हे मला कळतं. तरी पटलं.

साक्षीने तुकडा कानाशी नेऊन चोळला. म्हणाली, “आई, फरसाणाच्या पिशवीसारखा वाजतोय. किडे वाचले, पण मी मंडपात कडकड वाजत येणार.” विहीणबाई बोलणाऱ्या आहेत. तेव्हा धनाजीरावांना विचार, हेच कापड मऊ करता येतं का? रेशमासारखं अंगावर पडणारं. करता येत असेल तर जास्तीत जास्त मऊ करा. मऊ हवी आणि पांढरी हवी, एवढीच माझी अट.

मालकांसाठी चिठ्ठी सोबत आहे. त्यात लिहिलं आहे: ‘आपल्या कापडाच्या वाटेत कुठल्याही जिवाची हत्या होत नाही, याची मी माझ्यापुरती खात्री करून घेतली आहे.’ खाली नाव, एम. ए., बी. एड., शिक्षिका. ‘खात्री’ हा शब्द लिहिताना हात थांबला होता. मी तुमचा कारखाना पाहिलेला नाही. पण धनाजीरावांनी सांगितलं आहे, आणि एप्रिलचं तू लिहिलंस. म्हणून राहू दिला.

नीलिमाताई

*

माधवनगर
५ मार्च १९९६

ताई,

साड्या झाल्या. सगळ्या सोळा. हात लावलास तर कळणार नाही की रेशीम नाही. विट्याचा ट्रक साताऱ्यावरून पुढे जातो, त्याच्याबरोबर पाठवल्या आहेत. मिळाल्या की दोन ओळी टाक.

यांची तब्येत बरी नाही. बोलत नाहीत फारसे. सर्दी आहे म्हणतात.

तुझी चिठ्ठी मालकांना फार आवडली. त्यांनी ती फाईलमध्ये ठेवून घेतली आहे. कदाचित सांगलीच्या कचेरीतून कुणीतरी तुला विचारेल की हे तुम्हीच लिहिलंत का. तर ‘होय’ म्हण. चिठ्ठीत आहे तेवढंच सांग, जास्त बोलू नकोस. तुला सवय आहे एकाचं दहा सांगायची, म्हणून लिहिते.

लग्नाचं सामान कुठवर आलं?

अंजना

*

सातारा
१० मार्च १९९६

प्रिय अंजना,

साड्या मिळाल्या. साक्षी त्यातली एक खांद्यावर टाकून घरभर फिरली. मला आनंद व्हायला हवा होता.

चिठ्ठीबद्दल मला कुणी का विचारावं? कापड चांगलं म्हणून लिहिलेल्या चार ओळींचं कचेरीत काय काम? तुझं पत्र सहा वेळा वाचलं. त्यात धनाजीरावांच्या सर्दीबद्दल एक ओळ आहे, आणि मला ती खरी वाटत नाही.

काल शाळेत रसायनशास्त्राच्या घाडगे सरांना साडीचा पदर आणि पहिला तुकडा, दोन्ही दाखवले. त्यांनी दोन्ही बोटांत धरून पाहिले. म्हणाले, “बाई, ही साडी हलकी झाली आहे. कॉस्टिक सोड्यात उकळली की धाग्याची वरची साल विरघळते, धागा बारीक होतो, म्हणून मऊ. पाचवा-चौथा हिस्सा तरी गेला असेल.” मी विचारलं, गेला म्हणजे कुठे? ते हसले. “पाण्यात. आणखी कुठे जाणार?”

अंजना, मी रंगाचा विचार केला आणि पांढरं मागितलं. पांढऱ्यातून काय जातं हे विचारलंच नाही. रंग दिसतो म्हणून विचारला असेल का मी? हे न दिसणारं पाणी कुठे गेलं? धनाजीरावांची टाकी होती ना? मला खरं लिही. मी शहाण्यासारखी वागेन असं वचन देत नाही, पण खरं लिही.

नीलिमाताई

*

माधवनगर
१५ मार्च १९९६

ताई,

खरं हवं ना, घे.

कारखान्याच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी एका शेतकऱ्याचं मोकळं रान आहे. ऊस गेला की माण तालुक्यातले धनगर येतात, आणि खतासाठी तो त्यांची मेंढरं रानात बसवून घेतो. दरवर्षी येतात. यंदा कोंडीबा आला होता, बायको सुलाबाई आणि मेंढरं घेऊन. माणात पाणी नाही म्हणून बिचारा इथवर चालत येतो.

तुझ्या साड्या मऊ करायच्या म्हणून यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ कॉस्टिकमध्ये फिरवल्या. “आक्काचं काम हाय, एक नंबर झालं पायजे,” असं म्हणत होते. त्या दिवशी, २४ फेब्रुवारीला, टाकीत टाकायचं ॲसिड संपलं होतं. ॲसिड टाकल्याशिवाय कॉस्टिकचं पाणी साधं होत नाही. टाकी तुडुंब भरली होती आणि तुझ्या साड्यांमागून दुसरा लॉट उभा होता. मालक म्हणाले, अर्धी सोड, ओढ्यात जिरून जाईल. यांनी दोनदा विचारलं, सोडू का? ते म्हणाले, विचारतोस काय, सोड. यांनी व्हॉल्व्ह फिरवला.

फेब्रुवारीत ओढ्याला पाणी ते किती. दुपारी मेंढरं प्यायला उतरली. तोंडं भाजली, जिभा सुजल्या. दोन दिवसांत चौदा मेली, त्यात सहा गाभण होत्या. कोंडीबाने कारखान्याच्या फाटकासमोर ती ओळीने मांडून ठेवली आणि शेजारी बसून राहिला. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. हे फाटकातून आत जाताना त्याने एवढंच विचारलं, “पावनं, पान्यात काय हाय?” हे तसेच आत निघून गेले. सर्दी तेव्हापासून आहे.

आता त्याच्या तक्रारीवरून २९ तारखेला सांगलीला प्रदूषण मंडळाच्या कचेरीत चौकशी आहे. मालक म्हणतात की टाकी चालू होती, मेंढरं दुसरं काही खाऊन मेली. टाकीच्या वहीत तसं लिहिलंय, खाली यांची सही हवी आहे. सही केली की एप्रिलमध्ये पक्के. नाही केली तर घरी. आणि तुझी चिठ्ठी फाईलमध्ये अगदी वर लावली आहे. एम. ए., बी. एड. खात्री करून घेतली आहे.

ताई, तू गप्प राहा. हात जोडते. कोंडीबाची मेंढरं परत येणार नाहीत. पण माझ्या घरातला एकच पगार आहे, प्रथमेश दहावीला आहे, आणि यांच्या हाताला या कामाशिवाय दुसरं काही येत नाही. किडे उकळतात म्हणून तुला झोप लागत नव्हती. आमच्यासाठी थोडे दिवस झोप. मऊ पाहिजे असं तूच म्हणालीस.

अंजना

*

सातारा
१९ मार्च १९९६

प्रिय अंजना,

तुझं शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणूनच मला गप्प राहता येत नाही.

दोन दिवस डायरीत दोन बाजू लिहिल्या. एका बाजूला प्रथमेशची दहावी. दुसऱ्या बाजूला तो माणूस, जो मेंढरांशेजारी बसून होता आणि ज्याच्या विरुद्ध माझी सही उभी आहे. तू म्हणशील, ताईला पुन्हा स्वतःचीच पडली आहे, हात स्वच्छ ठेवायचे आहेत. असेलही. पण हात अस्वच्छ ठेवून मी तुला काय उपयोगी पडणार?

आज सांगलीच्या कचेरीला रजिस्टर पत्र पाठवलं. त्याची नक्कल सोबत आहे. त्यात लिहिलं आहे की कारखाना न पाहता मी ‘खात्री’ हा शब्द लिहिला, ती चिठ्ठी मी मागे घेते. मऊपणाचा आग्रह माझा होता. जास्त कॉस्टिक माझ्या साड्यांसाठी वापरलं गेलं. दोष द्यायचा तर आधी मला द्यावा. धनाजीरावांचं नाव मी कुठेही घेतलेलं नाही, टाकीबद्दलही अक्षर नाही. त्यांना झळ लागू नये एवढी काळजी घेतली आहे.

तुला विचारून पाठवलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस आणि मी तुझ्या नकारामागे लपले असते.

२९ ला मी येते आहे.

नीलिमाताई

*

माधवनगर
२ एप्रिल १९९६

आक्का, जयभीम.

मी पत्र लिहीत न्हाई कधी. अंजना लिहायला तयार न्हाई, म्हणून लिहितो. चूकभूल असंल.

तुमी मागच्या बाकावर बसला हुता. मी बघितलं, पण बोललो न्हाई. तुमी जाताना हाक मारली ती पण ऐकली. त्याचा राग धरू नका.

खरं सांगतो, मी सही करूनच आलो हुतो. वहीवर सही झाली हुती. टाकी चालू हुती असं सांगायचं, पाठ केलं हुतं. अंजनानं म्हणवून घेतलं हुतं माझ्याकडनं दोनदा.

मग सायबानं तुमचं रजिस्टर वाचलं मोठ्यानं. मला वाटलं आता मालक अडकलं. पण मालकाचा वकील हसला. त्यो म्हणाला, बघा साहेब, गिऱ्हाइकानंच कबूल केलंय, मागणी तिची, आग्रह तिचा, बाई स्वतःच दोष घेतात, कारखान्यानं गिऱ्हाइकाचं काम केलं. सायब पण मान हलवाय लागलं. तिकडं कोंडीबा भिंतीला टेकून उभा. त्याला काय कळंना. त्यानं सुलाबाईला इचारलं, “कंची बाई? बाईनं पानी सोडलं व्हय?”

आक्का, तवा माझं डोकं फिरलं. रागावू नका, पण तुमचा राग आला. मालकापरास तुमचा आला. तुमी सगळा दोष उचलून तुमच्या खांद्यावर घेतला, पदर घ्यावा तसा. मऊ तुमी मागितलं, बरोबर. पण कॉस्टिक कुणी टाकलं? मी. ॲसिड संपलंय हे कुणाला ठावं हुतं? मला. सोड कोण म्हणालं? मालक. व्हॉल्व्ह कुणी फिरवला? ह्या हातानं. तुमच्या दोन पानी पत्रात मी कुठंच न्हाई. मालक पण न्हाई. नुसत्या तुमी आन तुमच्या साड्या. मला वाचवाय गेला आन मालक सुटलं.

मी उठलो. पाठ केलेलं इसरलो. म्हणालो, “टाकी भरली हुती, ॲसिड नव्हतं, मालकांनी सांगितलं आन पानी मी सोडलं. वहीतली सही खोटी हाय.” सायबानं पुन्ना इचारलं, पुन्ना सांगितलं. मग लिहून घेतलं, त्यावर खरी सही केली.

कारखान्याचं पानी तपासल्याबिगर सोडायचं न्हाई असा हुकूम झालाय. कोंडीबाला काय मिळंल ते मागनं ठरंल. मला त्याच दिवशी फाटकावर कळलं, उद्यापासनं येऊ नको. कोंडीबा बाहीर भेटला. आभार वगैरे मानलं न्हाईत त्यानं. का मानावंत. म्हणाला, “पानी सोडलं तवाच सांगितलं असतंस तर न प्यालेली तरी वर काढली असती.” बरोबर हाय त्याचं.

अंजना माझ्याशी बोलती, तुमच्याशी बोलंल असं वाटत न्हाई इतक्यात.

तुमचा,
धनाजी

*

सातारा
९ एप्रिल १९९६

प्रिय अंजना, धनाजीराव,

पत्र दोघांना लिहिते आहे, कारण एकट्या अंजनाला लिहिलं तर ती फाडून टाकेल अशी भीती आहे.

धनाजीराव, तुम्ही लिहिलंत ते वाचून डायरी उघडली आणि मिटली. ‘दोष माझा’ असं लिहिताना मला थोडं बरं वाटलं होतं, हे आता मला कबूल करायला हवं. दोष घेण्यातही मीच पुढे होते. तुम्हाला वाचवते आहे असं मी समजत होते. खरं म्हणजे मी तुम्हाला हिशेबातच धरलं नव्हतं, जसं साडी मागताना धरलं नव्हतं. साडी मऊ कशी होते हे मी घाडगे सरांना विचारलं. ती मऊ करणारा माणूस माझ्याच बहिणीच्या घरात होता.

साड्यांचं काय करायचं हा प्रश्न घरात उभा आहे. नेसल्या तर मेंढरं आठवणार. जाळल्या तर धूर, पुरल्या तर तिथेच राहणार. कुंडीतली धोतराची चिंधी विरायला लागली आहे, दुसरी धुऊन वाळत घालावी इतकी कोरी आहे. रेशमात जीव जातो तो भांड्यात दिसतो. इथे जातो तो ओढ्याच्या खालच्या अंगाला, जिथे विकत घेणारी बाई कधी जात नाही. एवढाच फरक मला समजला. यापुढे काय नेसायचं, हे मला अजून समजलेलं नाही.

साक्षी म्हणते, “मी नेसणार. झाल्या आहेत त्या फेकल्या तर मेंढरं फुकट मेली.” मी तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

अंजना, बारा मेला ये. तू आली नाहीस तर मावशीसुद्धा येणार नाही म्हणते, पण म्हणून नको येऊस. कशासाठी ये, हे मला लिहिता येत नाही. इतकी पानं लिहिणाऱ्या बाईला येत नाही.

नीलिमाताई

*

माधवनगर
२० एप्रिल १९९६

ताई,

तुझं पत्र फाडलं नाही. दोन दिवस पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. यांनी काढून वाचलं आणि मग मला वाचून दाखवलं, जानेवारीत मी यांना वाचून दाखवलं होतं तसं.

राग गेलेला नाही. तो कधी जाईल ते मला विचारू नको आणि डायरीतही लिहू नको. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात यांना घेत नाहीत, सगळीकडे नाव कळलं आहे. लोणंदला एका ओळखीच्याकडे कापूस पिंजायचं काम आहे, ते बघायला गेले आहेत. मिळालं तर आठवड्याला एकदा येतील. प्रथमेश परीक्षेतून सुटला. पेपर बरे गेले म्हणतो, खरं काय ते जूनमध्ये.

कोंडीबा रान सोडून गेला. पुढच्या वर्षी या ओढ्यावर येणार नाही म्हणाला. शेतकरी आता आमच्या घरावरून जाताना मान फिरवतो, त्याचं खत गेलं ना.

लग्नाला येणार आहे. हेही येतील, मी आणते. साक्षीला सांग, साडी नेस. वाद घालू नकोस तिच्याशी.

आणि एक कर. मंडपात बायका पदर हातात घेतील, विहीणबाई तर घेणारच, आणि विचारतील, हे रेशीम नाही तर काय आहे, एवढं मऊ कसं? तेव्हा तू पुढे होऊ नकोस. तेल, किडा, कॉस्टिक, काही सांगू नकोस. यांना हाक मार. म्हणावं, ह्यांनी केली आहे ही साडी, यांनाच विचारा. मग त्यांना जे सांगायचं असेल ते सांगतील, मेंढरांसकट सांगितलं तरी सांगू दे. तू शेजारी उभी राहा आणि ऐक.

अंजना